अण्णा कपिलेशी बोलायचे

आमचे अण्णा माझ्या वहिनीशी उभ्या आयुष्यात दहा-बारा वाक्यं बोलले असतील, आणि तीही 'पाहुणे येणारेत' नाहीतर 'दार लोटून घ्या' या जातीची. तेव्हा सायखेड्यात सासऱ्यानं सुनेशी बोलायचं म्हणजे तिच्याकडे न बघता, जवळच्या खांबाला उद्देशून बोलायचं. वहिनी समोर आली की अण्णा खोकायचे, टोपी नीट करायचे आणि गोठ्यात काहीतरी काम आठवल्यासारखे उठून जायचे. वहिनीही पदर सावरून आत वळायची. दोघांचं भांडण नव्हतं, उलट एकमेकांचा धाकच होता. माझी भाची सुमी आज धडधाकट आहे, दोन मुलांची आई आहे, त्याचं अर्धं श्रेय या न बोलणाऱ्या सासऱ्याचं आणि उरलेलं अर्धं आमच्या कपिला गायीचं. सुमीला हे सांगितलं की ती म्हणते, "काहीही काय, आत्या." म्हणून आता लिहूनच ठेवते. लिहिलेल्या गोष्टीला 'काहीही' म्हणायला माणूस जरा बिचकतो.

घरात आई नव्हती. मी दुसरीत असताना ती गेली आणि तेव्हापासून घर माझ्या आत्याच्या हातात होतं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, ती माहेरी आली आणि कायमची राहिली. अण्णा तिला अक्का म्हणायचे आणि तिच्या शब्दाबाहेर नसायचे. आत्याचा आवाज असा, की नदीपल्याडच्या माणसाला हाक मारायला तिला नदीवर जावं लागत नसे. दादा सातपूरच्या कारखान्यात कामाला होता, साप्ताहिक सुट्टीला यायचा, जेवायचा, झोपायचा आणि परत जायचा. वहिनी नाशिकची, पंचवटीतली. तिलाही आई नव्हती. माहेरी नुसते बाप आणि दोन भाऊ, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत मोडली आणि ती आमच्याकडेच राहिली. म्हणजे घरात एक गरोदर बाई, एक नववीतली मुलगी आणि एक आत्या, आणि आई या खुर्चीवर कोणीच नाही. याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण आत्या दोन आयांचं काम आवाजावरच करायची.

वहिनी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली आणि ज्या दिवशी घरी आली त्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात कपिला व्याली. गोठ्यात कालवड आणि घरात मुलगी. कालवड झाली म्हणून आत्यानं गल्लीत पेढे वाटले. मुलगी झाली म्हणून साखर वाटली. मी तेव्हाच विचारलं होतं की असं का, तर उत्तर म्हणून मला परसातल्या दोन घागरी भरायला लावल्या. सुमी चणीनं लहान होती. डोकं नारळाएवढं, हातपाय काड्या, आणि रडायची तेही हळू, मांजराच्या पिल्लासारखं. आत्या तिच्याकडे बघून चुकचुकली आणि लगेच कामाला लागली. खोलीत शेगडी आली, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी आली, कोपऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा आला. वहिनीला लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि वर तुपाची धार. मी त्या ताटाभोवती घुटमळायचे, आणि वहिनी अर्धा लाडू पदराखालून माझ्याकडे सरकवायची.

आता खरी गंमत ऐका. कपिलेच्या चिकाचा आत्यानं खरवस केला. गूळ, वेलदोडे, जायफळ घालून वाफवला, वड्या पाडल्या, आणि चिकात किती ताकद असते यावर आम्हाला व्याख्यान दिलं. त्याच दुपारी तिनं वहिनीचा चीक पिळून काढायला लावला आणि तो परसात जास्वंदीच्या मुळाशी ओतून टाकला. म्हणे पहिलं दूध पिवळं, जड, बाळाला बाधतं. खरं दूध चौथ्या दिवशी येतं, तोवर मधपाणी आणि शेळीचं दूध. म्हणजे गायीचा चीक आम्ही बोटं चाटून खाल्ला आणि पोरीच्या वाटणीचा जास्वंदीनं. खरवसाची वडी माझ्या तोंडात होती, त्यामुळे मी काही बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते. सुमीला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायचं काम सुरू झालं. लोक आपल्याला भोळं समजले की आपण म्हणतो, मी काय बोळ्यानं दूध पिते का. आमच्या घरात अक्षरशः तेच चाललं होतं आणि शहाणे समजले जाणारे सगळे ते बघत होते.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. उपकेंद्राच्या नर्सबाई लुनावरून फिरायच्या आणि त्यांच्या आधी लुनाचा खोकला ऐकू यायचा. त्यांनी सुमीला झोळीत घालून काट्याला टांगलं, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, वजन घटलंय, आत्ताच्या आत्ता अंगावर घ्या, मध नको, पाणी नको, बोळा नको, मागेल तेव्हा पाजा, जितकं ओढेल तितकं येईल. आत्यानं एवढंच विचारलं, "बाई, तुम्हाला किती पोरं?" नर्सबाईंचं लग्न व्हायचं होतं. आत्यानं त्यांना चहा दिला, वर लाडू दिला आणि दार दाखवलं. वहिनी खाली मान घालून बसली होती. नंतर मला हळूच म्हणाली, "मला येतच नाहीये गं दूध. माझ्यातच काहीतरी कमी आहे." तिचे डोळे भरून आले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

नर्सबाई मात्र चिवट. बाहेर पडल्या त्या सरळ गोठ्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. अण्णा कपिलेची धार काढत होते, मी कालवडीचं दावं धरून उभी. बाई माणूस आणि तेही बाळंतपणाचं बोलायला आलेली, म्हणून अण्णांनी गायीच्या खुराकडे बघायला सुरुवात केली. नर्सबाईंनी बाळंतिणीचं नावच काढलं नाही. विचारलं, "अण्णा, गाय पान्हा सोडत नसली तर तुम्ही काय करता?"

"वासरू लावायचं," अण्णा खुराला म्हणाले. "दुसरं काय करणार?"

"आणि वासराचं पोट आधीच दुसऱ्या दुधानं भरलेलं असेल तर?"

"मंग ते कशाला ओढंल? आन ओढलं नाय तर गाय आटून जाईल. ह्ये तर बारकं पोरगंबी सांगंल." एवढं बोलून अण्णांचा हात थांबला. बादलीतला चर्र चर्र आवाज बंद पडला. नर्सबाई म्हणाल्या, आठ दिवसांनी परत वजन करणार, मध्येच पोर सुस्त पडली किंवा लघवी कमी झाली तर तेवढंही थांबायचं नाही, आणि वजन वाढलं नसेल तर नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्यावंच लागेल, पोर लहान आहे, फार वाट बघण्यासारखी नाही. लुना खोकत निघून गेली. अण्णांची धार अर्धीच राहिली. कपिलेनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

अण्णांची पंचाईत तुमच्या लक्षात येते का? सुनेला सांगायचं, तर सासऱ्यानं असलं बोलायचं कसं. अक्काला सांगायचं, तर बायकांच्या गोष्टीत तिच्यापुढे तोंड उघडायची त्यांची छाती नव्हती. दादाला सांगायचं, तर तो आता आठवड्यानं येणार. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मान हलवली, मी चौदा वर्षांची. मी स्वतः पुढे नर्स होऊन बत्तीस वर्षं याच कामात काढली, किती सासरे, किती नवरे माझ्यापुढे खुराकडे बघत उभे राहिले. त्यांच्यावर मी कधी चिडले नाही ते अण्णांमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धारेला बसले ते नेहमीची जागा सोडून भिंतीला खेटून. बाळंतिणीची खोली आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तिला वितीएवढा झरोका. अण्णांनी घसा साफ केला आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की कपिला दचकली. "कपिले, ऐक. दूध तुला हाय. लय हाय. फक्त वासरू लावल्याबिगर ते उतरायचं नाय. राहिलेला चीक तरी टाकू नको, त्योच खरा. दर घडीला लाव. पोरीला भूक लागंल तव्हा..." इथे ते अडखळले. "कालवडीला भूक लागंल तव्हा." मी बादली धरून उभी होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, कपिलेकडेही बघत नव्हते. घाम मात्र आला होता.

मी आत गेले तर वहिनी झरोक्याकडे बघत बसली होती. मला म्हणाली, अण्णांना बरं नाहीये का. मी म्हटलं, बरं आहे. मग तिनं विचारलं, 'पोरीला' म्हणाले ना ते? मी म्हटलं, म्हणाले. ती एकदम लाल झाली, पदर तोंडावर घेतला, आणि जरा वेळानं सुमीला उचलून छातीशी घेतलं. मी दाराशी पाठ करून उभी राहिले, आत्याची चाहूल घ्यायला.

तेव्हापासून दिवसातून दोनदा, धारेच्या वेळी, गोठ्यात शिकवणी सुरू झाली. बोळ्याचं काम मी मागून घेतलं. आत्याला वाटलं पोरगी सुधारली. शेळीचं दूध मी वाटीनं न्यायचे आणि मागल्या दारी मांजराला द्यायचे. चार-पाच दिवसांत ते मांजर असं फुगलं की शेजारच्यांनी ते गाभण असल्याचं ठरवून टाकलं. पण इकडे वहिनीच्या अडचणी वाढल्या. दुखायला लागलं, चिरा पडल्या, पाजताना ती दात आवळायची. मी गोठ्यात गेले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "अण्णा, कपिला विचारतीये, सड लय दुखतात, काय करायचं?"

अण्णाही तेवढेच गंभीर. "इचारून सांगतो म्हणावं," म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. पुढचं मला नर्सबाईंनी सांगितलं, ते पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या हाताखाली मी कामाला लागले तेव्हा. अण्णा उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, गायीचं विचारायचं होतं. आतल्या शिपायानं सांगितलं, गुरांचा दवाखाना पुढल्या वळणावर. अण्णा म्हणाले, "नाय, माझी गाय हितंच इचारायची हाय." संध्याकाळी झरोक्याखालून उत्तर आलं. कालवड नुसतं टोक चघळत असंल, म्हणून दुखतं. तिचं तोंड मोठं उघडू दे, मग आत दे, नुसतं टोक नाय, भवतालचा काळा भागबी. तिचं पोट तुझ्या पोटाला लागलं पायजे, मान वाकडी नको. शेवटचे दोन थेंब तिथंच चोळून वाळू दे. कपिला शांतपणे रवंथ करत होती. कालवडीचं पोट तिच्या पोटाला कसं लावायचं असा प्रश्न तिला पडला असेल तर तिनं तो दाखवला नाही. मी आत खोलीत गेले, वहिनीनं सुमीला नीट वळवून घेतलं, आणि पहिल्यांदा मला घुटक्यांचा आवाज ऐकू आला. वहिनीचे आवळलेले दात सुटले. मी भिंतीवर दोनदा टकटक केलं, तेव्हा अण्णांनी पलीकडून एकदा खोकून पोच दिली.

आम्ही तिघं यात इतके रंगलो की घरात चौथं माणूस आहे, आणि त्या माणसाचे कान त्याच्या आवाजाइतकेच तयार आहेत, हे विसरलो. आत्या सगळं ऐकत होती. भाऊ रोज दोन वेळा गायीला सांगतो, कालवड मोकळी सोड, मागंल तेव्हा पाज, कोणाला काढू देऊ नको. आत्यानं विचार केला आणि तिच्या हिशेबी सरळ अर्थ काढला की भावानं नात जगावी म्हणून नवस बोलला आहे, आणि नवस म्हणून कपिलेचं सगळं दूध कालवडीला सोडायचं ठरवलं आहे. नवसाबद्दल विचारायचं नसतं, म्हणून तिनं विचारलंही नाही. नर्सबाई येऊन गेल्याच्या सहाव्या दिवशी अण्णा पाहुण्यांच्या लग्नाला चांदवडला गेले. आत्यानं पहाटे अंघोळ केली, कपिलेला हळदीकुंकू वाहिलं, आणि कालवडीचं दावं सोडून दिलं.

अण्णा संध्याकाळी परतले तेव्हा डेअरीचा कॅन कोरडा, कपिलेची कास रिकामी, आणि कालवड गोठ्याच्या कोपऱ्यात शेपूट वर करून पांढरं हगत होती. अण्णांनी कपाळाला हात लावला. अख्खा दिवस वासरू मोकळं कोणी सोडलं म्हणून ते माझ्यावर खेकसले. आत्या पुढे आली, पदर खोचून.

"मी सोडलं. तूच रोज गायीला सांगतूस ना, मागंल तव्हा पाज म्हणून?"

अण्णा कात्रीत सापडले. खरं सांगावं तर सुनेची लाज, न सांगावं तर अक्काचा मान. ते एकदा कपिलेकडे बघायचे, एकदा कालवडीकडे, एकदा झरोक्याकडे. मी ओढणी तोंडात कोंबली होती. आणि तेवढ्यात झरोक्यातून हसू आलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं. वहिनी आमच्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तिचं हसू आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आत्या काही बोळ्यानं दूध पिणारी नव्हती. तिनं झरोक्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, मागल्या दारातल्या लठ्ठ मांजराकडेही बघितलं, आणि सगळं तिच्या लक्षात आलं. मला वाटलं आता भूकंप. पण ती सरळ वहिनीच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, मार मीच खाणार होते, तर निदान वेळेवर खावा. वहिनीचं हसू विझलं होतं आणि सुमी अंगावर पीत होती, बोटं पसरून, मन लावून. आत्यानं ते वाकून बघितलं. मग खाली बसली.

"माझा बाळ्या नवव्या दिवशी गेला," ती म्हणाली. तिला मूल झालं होतं हेही आम्हाला माहीत नव्हतं. "सासूनं बोळाच लावला व्हता. मला म्हनली तुझ्यात दूध नाय, आन मी तेच धरून बसले इतकी वर्सं. मला नाय भेटली गं अशी गाय."

वहिनीनं तिचा हात धरला. मी रडले, आत्या रडली नाही. तिनं पदरानं नाक पुसलं, उठली, कापसाचा बोळा आणि वाटी उचलून नेली, बोळा चुलीत घातला आणि वाटी मांजरापुढे ठेवली. मग परत येऊन वहिनीला म्हणाली, कोपर जरा वर घे, पोरीची मान वाकतीय, तुझी गाय हे सांगायचं विसरली वाटतं.

त्यानंतर आत्यानं जो पहारा दिला त्याला तोड नाही. कोणी शेजारीण मधाचं बोट घेऊन आली की आत्या तिला अंगणातच अडवायची आणि विचारायची, तुझ्या म्हशीच्या पारडाला मध चाटवतीस का? पाणी पाजा म्हणणाऱ्या एका पाहुणीला तिनं चहासुद्धा दिला नाही. दादा सुट्टीला आला तर त्याला खोलीबाहेर उभं करून तिनं सगळं शिकवलं, थेट, कोणत्याही जनावराची मदत न घेता. दादा खाली बघत होता, खूर नसल्यामुळे स्वतःच्या चपलेकडे. कालवडीला गुरांच्या डॉक्टरांनी पुडी दिली आणि दोन दिवसांत ती बागडायला लागली.

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी नर्सबाई काटा घेऊन आल्या. नाशिकला न्यायचं की नाही हे त्या काट्यावर होतं. वहिनीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अण्णा गोठ्यात, झरोक्याखाली, रिकामी बादली घेऊन बसले होते, धारेची वेळ नसताना. आत्यानं सुमीला सजवून आणलं. पायात चांदीचे वाळे, कमरेला साखळी, डोक्यावर गोंड्याची जाड कुंची, आणि दुपट्याच्या घडीत एक अडकित्ता. नर्सबाईंनी तो बाहेर काढून हातात धरला. आत्या म्हणाली, दृष्ट लागू नये म्हणून. मी शपथेवर सांगते, दृष्टीसाठी आमच्याकडे काजळाचा ठिपका लावतात, पावशेराचा अडकित्ता कोणी ठेवत नाही. नर्सबाईंनी वाळे काढले, साखळी काढली, कुंची काढली, पोरगी होती तशी झोळीत घातली आणि काटा सोडला. काटा हलला, थरथरला, आणि मागच्या खुणेच्या चांगला पुढे जाऊन थांबला. नर्सबाईंनी पुन्हा एकदा तपासलं. मग हसल्या आणि मुद्दाम झरोक्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कपिलेला सांगा, कालवड वाढतीये." पलीकडे बादली खाली पडल्याचा आवाज आला, आणि पुष्कळ वेळ नाक शिंकरल्याचा.

वहिनी आणि अण्णा त्यानंतरही एकमेकांशी बोलले नाहीत. पाहुणे येणारेत, दार लोटून घ्या, एवढंच. आता मुली सासऱ्यांना 'बाबा' म्हणतात, मोबाइलवरून हसून बोलतात, आणि छान वाटतं बघायला. पण त्या दोघांचं जे होतं ते मला कोणाच्यात दिसलं नाही. आधी कपिला गेली, मग आत्या गेली. गोठ्याची शेड झाली आणि तिथे दादाची मोटरसायकल उभी राहायला लागली. झरोका मात्र कोणी बुजवला नाही.

अण्णा शेवटी अंथरुणाला खिळले ते त्याच बाळंतिणीच्या खोलीत. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तीन दिवस त्यांनी तोंड मिटलं ते उघडेनात. मी चमचा पुढे केला की मान भिंतीकडे. दादानं समजावलं, सुमी येऊन रडून गेली, काही उपयोग नाही. वहिनी उंबऱ्याशी उभी राहून सगळं बघत होती, पदर डोक्यावर, तेव्हा तिचेही केस पांढरे झाले होते. ती वळली आणि बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली असेल.

तेवढ्यात झरोक्यातून तिचा आवाज आला. शेडमध्ये, मोटरसायकलपाशी उभी राहून, मोठ्यानं.

"कपिले, ऐक. पेज ठेवलीये तुझ्यापुढे. दोन घास तरी घे. माझी पोर तुझ्यामुळे जगली, मला आई नव्हती तेव्हा तू होतीस. आता तू अशी उपाशी राहिलीस तर मी कोणाला विचारायचं?"

अण्णांनी डोळे उघडले. झरोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून तोंड उघडलं, आणि मी चमचा आत घातला. त्यांनी गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला हातानं मला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गायीला सांग, मीठ कमी हाय."